खेळाडू 'ढ' असतात?
'हार्वर्डला खेळाडू नुसत्या दंडाच्या जोरावर घुसतात' असं इथे कोणीतरी म्हटलंय, ते सरसकट पटलं नाही. सवलत मिळते हे खरंच. प्रशिक्षकाने नाव पुढे केलं की प्रवेश बराच सोपा होतो. पण आयव्ही लीगमध्ये (हार्वर्डसह अमेरिकेतल्या आठ नामवंत विद्यापीठांचा गट) खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, शिवाय अकॅडेमिक इंडेक्सची, म्हणजे शाळेतले गुण नि प्रवेशपरीक्षेवरून काढलेल्या आकड्याची, चाळणी आहेच. आणि अक्कल मोजायची कशाने? एनएफएलवाले (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळाडू निवडताना वंडरलिक ही बुद्धिमत्ता चाचणी घ्यायचे, १२ मिनिटांत ५० प्रश्न. त्यात हार्वर्डमध्ये शिकलेल्या रायन फिट्झपॅट्रिक या खेळाडूने म्हणे कमाल केली, दुसऱ्या एका खेळाडूचे, डॅन मरिनोचे, गुण यथातथाच. पण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला तो मरिनो! २०२२मध्ये ती चाचणीच गुंडाळली. बाकी स्क्वॉश, रोइंग, तलवारबाजीच्या जागांवर बहुतेक पैसेवाल्यांचीच पोरं असतात, त्यावर इथे कोणी अवाक्षर काढत नाही.