सांगलीत पंक पॉप बँड: आधी रेकॉर्डिंग की आधी स्टेज?

विश्रामबाग_गिटार: आम्ही चौघं. दोघं इंजिनिअरिंगला, एक बी.कॉम.ला, ड्रमर बारावीत. पंक पॉप वाजवतो, म्हणजे वेगवान, दणदणीत गिटारचा रॉक, पण चाली सोप्या. गाणी मराठी आणि स्वतःची. मार्केट यार्डाकडे एका मोकळ्या गाळ्यात प्रॅक्टिस चालते. ऑर्केस्ट्रावाले बोलावतात, पण तिथं हिंदी हिट गाणी वाजवायची अट. पैसे साठवून पुण्यातल्या चांगल्या स्टुडिओत अल्बम करावा, की आधी लोकांसमोर वाजवावं? पण वाजवायचं कुठं?

कुपवाडकर: स्टेज आधी, भावा. अल्बम ऐकणारी माणसं तिथंच भेटतील.

मिरजेची_तार: मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे आणि सतारी बनतात, पण कॉलेजात ग्रीन डे या अमेरिकन पंक पॉप बँडनं मला पार झपाटलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट यांनी १९८७ साली बँड काढला तेव्हा दोघं पंधरा वर्षांचे होते. तेव्हा नाव होतं स्वीट चिल्ड्रन, पुढं तेच ग्रीन डे झाले. त्यांना घडवलं कॅलिफोर्नियात बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या वाजवायच्या जागेनं. ते एक गोदामच. दारू नाही, मारामारी नाही, लहान पोरांनाही प्रवेश, आणि सगळा कारभार स्वयंसेवकांच्या हातात. ‘३९/स्मूथ’ हा पहिला अल्बम १९९० साली लुकआउट नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीनं काढला, तोही अगदी कमी खर्चात. त्याच वर्षी ट्रे कूल ड्रमवर आला. त्याचे वडील फिरत्या वाचनालयाची जुनी गाडी स्वतः चालवत पोरांना टूरवर न्यायचे. (असा बाप मिळणं हे भाग्यच!) त्यांना जगभर गाजवणारा ‘डूकी’ हा अल्बम आला तो १९९४ साली. मधली सगळी वर्षं ही पोरं छोट्या जागांत, समोरच्या माणसाच्या तोंडावर वाजवत होती. ब्लिंक-१८२ या दुसऱ्या पंक पॉप बँडनंही १९९४ साली ‘बुद्धा’ ही डेमो कॅसेटच काढली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: पुण्याच्या स्टुडिओचे पैसे आत्ता राखून ठेवा. तुमचा गाळा हेच तुमचं गिलमन करा. मालकाची परवानगी घ्या, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी वाजवा, दहाच्या बरंच आधी थांबा. मिरज, इस्लामपूर, कोल्हापूरची वाजवणारी पोरं बोलवा, त्यांनाही वेळ द्या. एका बँडला गाव लक्षात ठेवत नाही, चार बँड एकत्र आले की ठेवतं.

आणि मराठी सोडू नका. या संगीतात गिटारवर वाजतात ते पॉवर कॉर्ड. त्यात असतं काय? सा आणि प. गंधार नसतो, म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारच्या आवाजाची खरखर, कितीही वाढवलं तरी गिचमिड होत नाही. आमच्या तंबोऱ्याच्या तारा प-सा-सा-सा अशा लावतात. हे सूर या मातीला परके नाहीत.

विश्रामबाग_गिटार: काका, मालक तयार होईल, तो आमच्या ड्रमरचा मामा आहे. पण शब्द ऐकूच येत नाहीत, ड्रम सगळं खाऊन टाकतो.

मिरजेची_तार: गाळ्याच्या सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात. मागच्या भिंतीला जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगा, स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) रुमाल टाका, गिटारच्या अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज कमी करा. गाणाऱ्याचा स्पीकर ड्रमच्या पुढं ठेवा, माइक त्या स्पीकरच्या मागं, नाहीतर शिट्टी वाजेल. ड्रमरला हळू वाजव म्हणू नका, वेग हा या संगीताचा जीव आहे. हे जमलं की फोनवर एक प्रॅक्टिस रेकॉर्ड करून इथं टाका. पहिल्या रविवारची तारीख ठरली की कळवा, मी मिरजेहून दोन पोरं घेऊन येतो.