क्लीव्हलंडला आलेल्या आईबाबांना थेट नायगाराला का पळवता?

एरीकाठचा

मे महिना लागला की इथल्या, म्हणजे अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या, मराठी घरांमध्ये एकच बेत शिजायला लागतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, जेटलॅग उतरतो न उतरतो तोच शनिवारी पहाटे दशम्या बांधून गाडी नायगाराला निघते. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला. पुढे कधीतरी न्यूयॉर्क-वॉशिंग्टन. आणि उरलेला सगळा काळ ती दोघं कॉलनीतल्या त्याच वळणावर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतात, कारण मुलगा-सून कामावर आणि गाडी चालवता येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : 'क्लीव्हलंडमध्ये बघायला आहेच काय?'

आहे, आणि बरंचसं एकाच रेल्वेमार्गावर आहे. विमानतळावरून निघणारी रेड लाइन १९६८ पासून धावते. विमानतळ थेट शहराच्या मध्याशी रेल्वेने जोडणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर, न्यूयॉर्क-शिकागोच्याही आधी. ब्रुकपार्क स्टेशनवर गाडी फुकट लावता येते. तिथून वेस्ट २५ स्ट्रीटला उतरा, समोर वेस्ट साइड मार्केट. १९१२ची इमारत, उंच घड्याळाचा मनोरा, आत फरशांची प्रचंड कमान. छताकडे बघायला थांबा, लोक विसरतात. पाव, चीज, मसाले, लोणची आत; फळं-भाजी बाहेरच्या लांबलचक पडवीत.

पुढचं स्टेशन टॉवर सिटी. वर टर्मिनल टॉवर, १९३०चा. बरीच वर्षं न्यूयॉर्कबाहेर जगात याच्याइतकी उंच इमारत नव्हती. चालत थोडं पुढे गेलं की १८९०चं आर्केड : काचेचं छत, पितळी कठडे, मजल्यांवर मजले. मॉल हा शब्द कुणी वापरत नव्हतं तेव्हाचा मॉल. मग त्याच रेड लाइनने लिटल इटली-युनिव्हर्सिटी सर्कल, आणि तिथे क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्ट. प्रवेश फुकट, १९१६ साली दार उघडलं तेव्हापासूनचं धोरण. अकराव्या शतकातला चोळ नटराज तिथे उभा आहे. आईबाबांना मंदिरात गाभाऱ्याच्या गर्दीत इतक्या जवळून मूर्ती बघायला मिळते का, सांगा.

नायगारा बघूच नका असं म्हणत नाही. आधी राहतो ते गाव दाखवा, एवढंच.

साधीमुगडाळ

यादी छान आहे. पण दुपारी साडेबाराला माझ्या सासूबाई काय खाणार, हे त्यात कुठे आहे?

क्लीव्हलंडची कुठलीही 'स्थानिकांची' यादी उघडा. पोलिश बॉय, म्हणजे सॉसेजवर फ्राइज, कोबी आणि वर बार्बेक्यू सॉस. कॉर्न्ड बीफ. बिअर. शाकाहाऱ्यांना म्हणून कुणीतरी मेहरबानी केल्यासारखं पिएरोगी सुचवतं. बटाटा-चीजचं सारण, लोण्यात परतलेला कांदा, ऐकायला मोदकाचं मावसभावंडच. पण बऱ्याच ठिकाणी पिठात अंडं असतं. आम्ही एका ठिकाणी (नाव नको) तीन वेळा विचारून मागवले, तर वर बेकनचा चुरा आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्यानंतर डबा घेतल्याशिवाय आम्ही शहरात जात नाही, आणि डबा घेऊन म्युझियमच्या पायरीवर बसायचं तर घरी काय वाईट आहे?

नायगाराच्या आजूबाजूला भारतीय जेवण हमखास मिळतं. पर्यटनाची जागा म्हणजे हेही धरूनच.

पूर्वतीर

धागाकर्ते पश्चिमेचे दिसतात. ब्रुकपार्क म्हणे! आम्ही बीचवूड-सोलनवाले नदी ओलांडून तिकडे गाडी लावायला येणार आणि मग ट्रेनने परत पूर्वेकडे जाणार? आमच्याकडे ग्रीन रोड स्टेशन आहे, ग्रीन लाइन टॉवर सिटीला जाते, तिथे बदला.

मुगडाळ ताई, कॉव्हेंट्री रस्त्यावरचं टॉमीज माहीत नाही का तुम्हाला? १९७२ पासूनचं आहे, फलाफल, पालकाचे 'पाय' (pie), ढीगभर शाकाहारी पदार्थ आणि जाडजूड मिल्कशेक. अंडं नको म्हटलं तर ते चिडत नाहीत, उलट समजून घेतात. शेजारी मॅक्स बॅक्स हे पुस्तकांचं दुकान, आतूनच जाता येतं. बाबा पुस्तकं चाळतात, आई मिल्कशेक संपवते. रेड लाइनवर नाही मात्र, त्यामुळे धागाकर्त्यांच्या यादीतून निसटलं असावं.

नळस्टॉप_ते_ओहायो

मी नायगाराच्या बाजूने.

माझ्या आईने लहानपणी शेजाऱ्यांच्या कॅलेंडरवर तो धबधबा पाहिला होता. व्हिसाच्या रांगेत उभी होती तेव्हाही तेच बोलत होती. तिला मी सांगू की, थांब, आधी तुला एक भाजीबाजार दाखवतो? मंडई आमच्या पुण्यात १८८६ पासून आहे, तिलाही मनोरा आहे, आणि तिथे ती रोज जात होती. शिवाय परत गेल्यावर भिशीत काय सांगायचं, 'क्लीव्हलंडचं टर्मिनल पाहिलं'?

आणि चालणं! स्टेशनचे जिने, म्युझियमचे हॉल, आर्केडचे मजले. गुडघ्यांचं काय? नायगाराला गाडी जवळ लागते, बोटीत उभं राहिलं की झालं. आईबाबांची सहल आपल्या आवडीनिवडी त्यांच्यावर लादण्यासाठी नसते, हे या धाग्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं.

एरीकाठचा

नळस्टॉप, कॅलेंडरचा मुद्दा पटला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. पण तुमची आई सहा महिने आहे. धबधबा दोन दिवसांत उरकतो. उरलेल्या दिवसांचं बोला.

गुडघ्यांचं म्हणाल तर म्युझियममध्ये लिफ्ट आहे, चाकांची खुर्ची मागितली की मिळते, मधल्या काचेच्या अंगणात तासभर नुसतं बसता येतं. आणि मंडई पाहिलेली असल्यामुळेच वेस्ट साइड मार्केटमध्ये पुणेकरांचे डोळे लकाकतात, हा माझा अनुभव आहे. कोण किती दराने विकतंय, कुणाची टोमॅटोची रास खालून सडकी आहे, हे माझ्या वडिलांनी पाच मिनिटांत ताडलं. इंग्रजी येत नसताना घासाघीसही केली. नायगाराला ते फोटो काढून घेत गप्प उभे होते.

डब्याची लाज कशाला, मुगडाळ ताई? बाजारात फलाफलचा ठेला आहे, ताजा पाव आहे, फळं आहेत. डबा आणि बाजार दोन्ही चालतं.

पार्माकर

खरेदीबद्दल कुणीच बोललं नाही! आईबाबांना चोळ ब्रॉन्झ नको असतं, त्यांना बदाम, चॉकलेट, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि भाचरांसाठी टी-शर्ट हवे असतात. त्याला कॉस्टको, घाऊक मालाचं मोठं दुकान. माझ्या आईला कॉस्टकोमध्ये सोडलं तर ती दोन तास सुखी असते, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. तीही सहलच आहे. मॅलीजची चॉकलेटं मात्र इथलीच, ती न्या. नातेवाइकांना 'इथलं काहीतरी' दिल्याचं समाधान मिळतं.

बाकी आमचं पार्मा सगळे विसरतात. शिव-विष्णू मंदिर पार्मातच आहे. दर्शन झालं की जवळच युक्रेनियन वस्ती, तिथल्या बेकऱ्या. अंड्याचं विचारूनच घ्या. आणि आई वसंतात येणार असेल तर तिकिटं एप्रिलआधीची काढा : ईस्टरच्या सुमाराला क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात त्यागराज महोत्सव असतो, १९७८ पासून चालू आहे. कर्नाटक संगीताच्या बाबतीत हे गाव भारताबाहेर कुणाला हार जाणार नाही. आमचे बाबा भीमसेनप्रेमी, कुरकुरत आले होते, पंचरत्न कृतींना उठायला तयार नव्हते.

साधीमुगडाळ

टॉमीजचं टिपून ठेवलं, धन्यवाद पूर्वतीर. तरी माझा मुद्दा तसाच आहे. शाकाहारी माणसाला जागा शोधून ठेवाव्या लागतात, रस्त्याने जाता जाता आत शिरता येत नाही. 'गाव दाखवा' म्हणणं सोपं असतं. लिटल इटलीत कसाटा केकची एवढी कीर्ती, स्ट्रॉबेरी, कस्टर्ड, क्रीमचे थर. स्पंजमध्ये अंडं. सासूबाई काचेतून बघणार आणि मी त्यांच्यासमोर खाणार?

नळस्टॉप_ते_ओहायो

उरलेल्या दिवसांचं विचारताय तर सांगतो. शहर नाही, कायाहोगा व्हॅली. नॅशनल पार्क असून प्रवेशशुल्क नाही. जुन्या कालव्याकाठची टोपाथ वाट सपाट आहे, गुडघे कुरकुरत नाहीत. ब्रँडीवाइन धबधबा साठ फुटांचा आहे, पायऱ्या आहेत पण वरच्या फळ्यांवरूनही दिसतो. याच कायाहोगा नदीवर १९६९ साली तेलाच्या तवंगाने पेट घेतला होता आणि त्यानंतर देशात पाण्याचे कायदे आले, हे बाबांना सांगा. मुळा-मुठेवर लगेच अर्धा तास भाषण सुरू होतं. माझ्या मते आईबाबांना शहरातल्या इमारतींपेक्षा हे भावतं.

पूर्वतीर

म्हणजे शेवटी धबधबाच! :)

एरीकाठचा

धबधबा चालेल, नदीमुळे तो आमच्याच बाजूचा आहे. मुगडाळ ताई, केकचं तुमचं बरोबर आहे, तिथे माझ्याकडे तोडगा नाही. लिटल इटलीतून लेक व्ह्यू दफनभूमी चालत जाण्याजोगी आहे, तेलसम्राट रॉकफेलर तिथेच आहे, त्याच्या थडग्यावर लोक दहा सेंटची नाणी ठेवून जातात. सासूबाईंना दफनभूमी चालत असेल तरच.

आणि जाणार असाल तर वार बघून जा : बाजार मंगळवार-गुरुवार बंद, म्युझियम सोमवारी बंद. बुधवार किंवा शुक्रवार धरा. शनिवारी मार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यापेक्षा नायगारा लवकर येतो.