मदत हवी आहे: रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू

खिशात ठेवायला जुन्या पद्धतीचा घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं साधीच: फळं चिरणं, सुतळी तोडणं, खोकी उघडणं. फ्रेंच ओपिनेलचा ८ नंबर की मिटल्यावर ८४ मिमी भरणारा स्विस व्हिक्टोरिनॉक्स, यात अडकलोय. उघडं पातं जागी अडकवणारं लॉक हवंच का? कार्बन स्टील की स्टेनलेस? हातात घेतल्यावर काय तपासू?

आधी स्प्रिंग बघा
व्हिक्टोरिनॉक्सच्या साध्या चाकूंत लॉक नसतं, पाठीची स्प्रिंगच पातं उघडं धरते. धारेवर दाब देऊन कापताना काही होत नाही. टोक खुपसून भोक पाडायला गेलात तर मात्र पातं बोटांवर मिटू शकतं. तसली कामं असतील तर लॉक घ्या.
तपासताना पातं पूर्ण उघडून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर परत ठेवा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तरी नको, खिसा फाटेल. स्प्रिंग इतकी कडक नसावी की खाचेत घातलेलं नखच मोडेल. आणि पातं खटकन मिटवायची हौस टाळा. काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटून तेवढ्या जागी बोथट होते.

ओपिनेलची बाजू
८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे खिशाला लांबच. ६ किंवा ७ बघा. तिन्हींना फिरवायची कडी आहे (१९५५ पासूनची युक्ती), तिने पातं लॉक होतं. खोड एकच: मूठ लाकडी, ओल लागली की फुगते आणि पातं आत रुतून बसतं. पकडीने ओढू नका. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोका, पातं वर येईल. पाण्यात भिजत तर कधीच घालू नका.
फळं रोज चिरणार असाल तर स्टेनलेसच घ्या. कार्बनला धार पटकन लागते, पण आंबट रसाने ते काळपट पडतं. तो काळपटपणा चालतो, तांबूस गंज नाही. कापून झालं की लगेच पुसायचं.

कार्बनची हौस होती, पण पुसण्याचा कंटाळा आहे. स्टेनलेस ७ घेतो. सांध्याला खोबरेल चालेल का?

नको
खाद्यतेलं कालांतराने चिकट होतात आणि सांधा जड होतो. खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल घ्या, एक थेंब पुरे. धारेला १००० ग्रिटचा (म्हणजे मध्यम बारीक कणांचा) दगड, पातं साधारण २० अंशांत धरून, दोन्ही बाजूंना सारखेच हात.