एच६१ बोर्डच्या जुन्या डेस्कटॉपसाठी स्वस्त एसएसडी: कोणती घ्यावी, क्लोन कसा करावा?

हिशेबवही यांचा प्रश्न

ऑफिसचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. एच६१ मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. टॅली, पेजमेकर आणि ब्राउझर, एवढंच काम. चालू केल्यापासून टॅली उघडेपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि सीपीयू जेमतेम २०. सी ड्राइव्हवर ८५ जीबी भरलेत, डी वर टॅलीचा डेटा आणि जुन्या फाइल्स मिळून १९० जीबी.

१) २४० जीबीची एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) पुरेल की ४८० घ्यावी? २) कार्ड लावून एनव्हीएमई (आणखी वेगवान प्रकारची एसएसडी) बसवता येईल का? ३) विंडोज पुन्हा न टाकता सगळं जसंच्या तसं हलवायचं, म्हणजे क्लोन करायचं आहे. खर्च जितका कमी तितकं बरं.

साटा_केबल

एनव्हीएमई सोडा. एच६१च्या बायोसला (संगणक सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) त्यावरून बूट करता येत नाही. कार्ड लावलंत तर ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसेल, पण विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही.

२.५ इंची साटा एसएसडी घ्या, हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची. एच६१चे सगळे पोर्ट साटा-२ आहेत, म्हणजे ३ गिगाबिटचे. खोक्यावर सेकंदाला ५४० एमबी छापलेलं असलं तरी तुम्हाला २७०-२८० च्या आसपासच मिळतील. त्याने काही बिघडत नाही, कारण तुमचं काम सलग वेगासाठी अडलेलंच नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे डिस्कच्या वेगवेगळ्या जागांवरून वाचते. हार्ड डिस्कचं हेड दर वेळी जागा बदलतं, त्यात १०-१५ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभरच्या आसपास वाचनं. एसएसडीत हलणारं काही नसतं, त्यामुळे तीच वाचनं हजारोंच्या संख्येत होतात, साटा-२ वरही. जास्त वेगाच्या आकड्यासाठी या बोर्डवर एक रुपयाही वाढवू नका.

क्रुशियल बीएक्स५०० किंवा किंग्स्टन ए४००, त्या दिवशी जी स्वस्त मिळेल ती. दोन्हींत डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) नाही, दोन्हींना ३ वर्षांची हमी. सॅमसंग ८७० इव्होत डीरॅम आहे आणि हमी ५ वर्षांची, पण तुमच्या कामात तो फरक जाणवणार नाही. आयुष्याची काळजी असेल तर हिशेब असा: ४८० जीबीच्या बीएक्स५००वर १२० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात, म्हणजे सोळा वर्षं.

सी ८५ जीबीचा असेल तर २४० पुरते. विंडोजमध्ये ती २२३ जीबी दिसेल, घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी एवढंच.

तपकीर_गल्ली

बाकी सगळं पटलं, पण २४० नको. टॅलीचा डेटाही एसएसडीवर आणलात तरच टॅली खऱ्या अर्थाने पळेल, आणि तो आणला की २४० भरत जाणार. डीरॅम नसलेली ड्राइव्ह ८०-८५ टक्क्यांच्या पुढे भरली की लिहिताना अडखळते, कारण आतल्या तात्पुरत्या वेगवान लेखनाला मोकळी जागाच उरत नाही. आणि ४८० ची किंमत २४० च्या दुप्पट नसते.

त्यातही विचार करा: विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आय३-२१२० विंडोज ११च्या यादीत नाही. आज ना उद्या हा बोर्ड बदलावाच लागेल. तेव्हा ही ४८० जीबी साटा ड्राइव्ह नव्या डेस्कटॉपलाही लावता येईल.

अनोळखी नावाची "२ टीबी" ड्राइव्ह हजार-दीड हजारात दिसली तर हात लावू नका. आत छोटी चिप असते आणि फर्मवेअर खोटा आकडा दाखवतं; खरी जागा संपली की पुढच्या फाइल्स गुपचूप खराब होतात. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. हमीच्या वेळी वाद नको.

बूट_सेक्टर

क्लोनबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच अडकतात.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने जुनी हार्ड डिस्क तपासा. सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्य नसेल तर क्लोनच्या फंदात पडू नका. आधी डेटा बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. मरायला टेकलेल्या डिस्कवर क्लोनचं सलग वाचन हा शेवटचा घाव ठरतो.

शून्य असेल तर एसएसडी दुसऱ्या पोर्टला लावा आणि डिस्क पूर्ण न घेता "सिस्टिम रिझर्व्ड" आणि सी ही दोनच पार्टिशनं (डिस्कचे भाग) क्लोन करा. नुसता सी घेतला तर बूट होणार नाही, बूटच्या फाइल्स त्या छोट्या पार्टिशनवर असतात. क्रुशियल घेतलीत तर अ‍ॅक्रॉनिस हा क्लोनचा प्रोग्राम तिच्यासोबत फुकट मिळतो. क्लोनझिला वापरणार असाल तर लक्षात ठेवा, मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर ते सरळ जात नाही.

मग बंद करा, जुनी डिस्क काढा, एसएसडी पहिल्या पोर्टला लावा आणि एकटीवर सुरू करा. दोन्ही लावून सुरू केलंत तर विंडोज जुन्यावरूनच उठतं आणि दिवसभर वाटत राहतं की एसएसडीने काही फरक पडला नाही.

नीट उठली की जुनी डिस्क परत लावा. दोन्हींची सही (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) सारखी असल्याने ती "ऑफलाइन" दिसू शकते; डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवी क्लिक करून "ऑनलाइन" करा. त्याने तिची सही बदलते आणि डी चं अक्षर ई किंवा एफ होऊन बसतं. टॅली मग "कंपनी सापडत नाही" म्हणते, पेजमेकरमधली चित्रं तुटतात. डेटा कुठेही गेलेला नसतो, अक्षर पुन्हा डी करा.

हिशेबवही

४८० घेतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "आयडीई" कंट्रोलर (डिस्कशी बोलण्याची जुनी पद्धत) दिसतोय, नवी एएचसीआय नाही. आधी बदलू की नंतर?

बूट_सेक्टर

आधी, जुन्याच डिस्कवर. बायोसमध्ये सरळ बदललंत तर निळा स्क्रीन येईल. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट टॅबवर "सेफ बूट" टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर उचलते. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट.

साटा_केबल

एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटा पॉवर शिल्लक नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी वीज-जोडणीवरून) साटा करणारी केबल लागेल. प्लास्टिकमध्ये साच्यात ओतलेलं टोक घेऊ नका, आत तारा एकमेकींना भिडून वितळतात. वायर एकेक करून दाबून बसवलेलं टोक घ्या.

आणि यूपीएस नसेल तर तो आधी. स्वस्त एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करायला कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे भाग) नसतात. हार्ड डिस्क बहुतेकदा कुरकुरून इशारा देते, एसएसडी एका सकाळी दिसतच नाही. टॅलीचा रोजचा बॅकअप त्या जुन्या हार्ड डिस्कवर लावून ठेवा.