बाळाच्या अंगावरचा लाल डाग आणि रिपोर्टमधला हिमॅन्जिओमा: ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (सी-१०१): ‘लाल डागाला औषध लावू नका, आपोआप जातो’ हा फॉरवर्ड सकाळपासून तिघांनी टाकलाय. आपल्याकडे जाणकार आहेत, एकदा नीट लिहा. टाकी धुण्याचा विषय संध्याकाळी घेऊ.

डॉक्टर ताई (बी-३०२): लिहिते, तुकड्यातुकड्यात. फॉरवर्डमधलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. बाळांतला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्या वाढून झालेली गाठ, बहुतेक वेळा ओसरतो, पण ओसरायच्या आधी तो वाढतो. कुठे आणि किती वाढतो, त्यावर उपचार करायचे की नाही ते ठरतं.

जन्मताच तो बहुधा दिसत नाही. दिसलाच तर फिकट पांढुरका डाग किंवा चार-दोन बारीक लाल रेषा. पहिल्या २-४ आठवड्यांत लालभडक होऊन वर येतो. सगळ्यात जोरात वाढ साधारण ५ ते ७ आठवड्यांच्या वयात होते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुतेक डाग आपल्या अंतिम आकाराच्या ८० टक्क्यांवर पोचलेले असतात. म्हणजे ‘चार महिन्यांचं होऊ दे, मग दाखवू’ म्हणेपर्यंत वाढ होऊन गेलेली असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये म्हणूनच सांगितलं की काळजीच्या जागेवरचा डाग बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाला दाखवा. आपल्याकडे ६ आठवड्यांच्या लसीला बाळाला नेतातच. त्याहून उशीर करू नका आणि त्या दिवशी डाग झाकलेला असेल तर अंगडं वर करून मुद्दाम दाखवा.

आजी (ए-५०३): आमच्या वेळी म्हणायचे, आईनं ग्रहणात काही चिरलं-कापलं की बाळाला असा डाग पडतो.

डॉक्टर ताई (बी-३०२): आजी, आईच्या खाण्या-वागण्याचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. शंभरात चार-पाच बाळांना होतो. मुलींत जास्त, आणि वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या, जुळ्या बाळांत जास्त. बाळंतिणीला त्यावरून एक शब्द बोलू नये, ती आधीच दमलेली असते.

आजी (ए-५०३): आणि बिब्बा लावतात ते? चामखिळीला घोड्याचा केस बांधतात तसं?

सिस्टर (ए-२०२): आजी, दोन्ही नको. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि हा डाग म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ. भाजला की जखम, जखमेतून रक्त, वर जंतुसंसर्ग, आणि डाग गेला तरी व्रण जन्माचा. केस बांधला तर तो भाग कुजतो आणि रक्त थांबवायला धावपळ होते. चुना, हळद, तुरटी, कसलाच लेप नको.

जी-६०१: पण हा हिमॅन्जिओमाच, हे घरी कसं कळणार? आमच्या भाचीच्या बाळाला मानेवर मागे जन्मापासून लाल पट्टा आहे.

डॉक्टर ताई (बी-३०२): जन्मापासून सपाट आणि वाढत नसेल तर बहुधा हा नाही. मानेवरचे, कपाळाच्या मधले, पापण्यांवरचे सपाट गुलाबी डाग खूप बाळांत असतात. कपाळावरचे आणि पापण्यांवरचे पहिल्या एक-दोन वर्षांत फिके होतात, मानेवरचा पुष्कळदा केसांखाली राहतो, बाधत नाही.

दुसरा प्रकार पोर्ट वाइन डाग. जन्मापासून सपाट, गडद गुलाबी-जांभळट, बाळ वाढेल तसा त्याच प्रमाणात वाढतो आणि कधीच ओसरत नाही. त्याला वाट बघण्याचा उपयोग नाही, त्याला लेझर. कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब आणि मेंदू दोन्ही तपासावे लागतात.

तिसरा, जन्मताच पूर्ण वाढलेली गाठ. नाव हिमॅन्जिओमाच, पण जात वेगळी. काही गाठी वर्ष-सव्वा वर्षात विरतात, काही तशाच राहतात. बाळांच्या नेहमीच्या औषधाला, प्रोप्रॅनोलॉलला, या दाद देत नाहीत.

नावांचा हा गोंधळ जुना आहे. १९८२ मध्ये मुलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी पहिल्यांदा ‘पेशी वाढून झालेली गाठ’ आणि ‘घडणच बिघडलेली वाहिनी’ असे दोन गट केले. तरी अजून केसपेपरवर सगळ्यालाच हिमॅन्जिओमा लिहिलेलं दिसतं. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: हा जन्मताच होता की नंतर आला, यावरून तुम्ही कोणता म्हणता?

खोलवरचा हिमॅन्जिओमा लाल दिसतच नाही. निळसर फुगवटा, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ, बाळ रडलं की टचटचीत. तो उशिरा दिसतो आणि जास्त दिवस वाढतो.

सिस्टर (ए-२०२): घरी एक करा. आठवड्याला एक फोटो, दिवसाउजेडी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, डागाशेजारी तेच एक नाणं ठेवून. रोज बघणाऱ्याला वाढ कळत नाही, नाण्याशेजारी लगेच कळते.

डी-४०४: कुठला डाग सोडून द्यायचा आणि कुठल्याला लगेच पळायचं?

डॉक्टर ताई (बी-३०२): पाठीवर, पोटावर, हाता-पायावर छोटा असेल तर फक्त लक्ष. लगेच दाखवायच्या जागा या.

डोळ्याभोवती: पापणी जड होऊन बुबुळ झाकलं किंवा डोळ्यावर दाब येऊन आकार बदलला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डाग पुढे गेला तरी नजर परत येईलच असं नाही.

नाकाचा शेंडा, ओठ, कान: इथं आकार बिघडतो.

हनुवटी, जबडा, खालचा ओठ, गळा, म्हणजे दाढीची जागा: अशा बाळांत श्वासनलिकेतही गाठ असू शकते. श्वास घेताना आवाज, बसलेला आवाज, भुंकल्यासारखा खोकला आला की वाट बघू नका.

लंगोटाची जागा: जखम लवकर होते.

कंबरेच्या खाली मणक्यावर मोठा डाग: पाठीचा कणा आणि लघवीचे अवयव तपासावे लागतात. चेहऱ्याच्या एका भागावर पसरलेला मोठा डाग: मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे.

आणि अंगभर पाच किंवा जास्त, अगदी टाचणीच्या डोक्याएवढे असले तरी, तर यकृताची सोनोग्राफी. आत मोठे किंवा पुष्कळ असतील तर हृदयावर ताण येतो, थायरॉइडही कमी होतं.

डी-४०४: जखम होणार हे आधी कळतं का?

सिस्टर (ए-२०२): बऱ्याचदा. लाल डागाचा मधला भाग तीन-चार महिन्यांच्या आत राखाडी-पांढरट दिसायला लागला तर ‘बरा होतोय’ म्हणून खूश होऊ नका. इतक्या लवकर पांढुरका होणं ही जखमेची वर्दी असते. खरं ओसरणं नंतर, वर्षाच्या आसपास, आणि तेव्हा डाग मऊही पडतो.

जखम झालीच तर सलाइनच्या पाण्यानं हलकेच धुवायची, व्हॅसलिनचा जाड थर, वर न चिकटणारी जाळीची पट्टी. कोरडा कापूस नको, काढताना खपली निघते. लंगोट ओला राहू देऊ नका. बाळाला हे फार दुखतं, दुखण्यानं दूध तोडतं. रक्त आलं तर स्वच्छ कापड घडी करून घड्याळ लावून १० मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका, तिथंच सगळे चुकतात. त्यात कॉफी पावडर, हळद भरू नका. थांबलं नाही तर दाबून धरूनच दवाखान्यात.

सी-३०३: उपचार म्हणजे ऑपरेशन?

डॉक्टर ताई (बी-३०२): आता क्वचितच. मुख्य औषध प्रोप्रॅनोलॉल, तेच ब्लडप्रेशरचं. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लियोते-लाब्रेझ यांच्या चमूला हे योगायोगानं सापडलं. नाकावरच्या हिमॅन्जिओमासाठी स्टिरॉइड चालू असताना एका बाळाचा हृदयाचा स्नायू जाड झाला. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर दुसऱ्याच दिवशी लालभडक डाग जांभळट आणि मऊ पडला. २०१५ मध्ये त्यांच्याच चाचणीत सहा महिने रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांचा डाग पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेला, खोट्या औषधावर फक्त ४ टक्क्यांचा. त्याआधी महिनोन्‌महिने स्टिरॉइड हाच मार्ग होता. सुजलेला चेहरा, खुंटलेली वाढ.

अगदी छोटा, पातळ, वरवरचा असेल तर टिमोलॉल ०.५ टक्के, म्हणजे काचबिंदूचे थेंब, डागावर दिवसातून दोनदा एक-एक थेंब. जास्त लावल्यानं लवकर जात नाही, ते कातडीतून रक्तात जातं. जखमेवर किंवा ओठाच्या आतल्या बाजूला तर मुळीच नको.

मेडिकलवाले काका (ए-१०४): आता माझं. प्रोप्रॅनोलॉलमध्ये गडबड मोजण्यात होते. ठरलेला डोस रोज किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, पण सुरुवात १ किंवा त्याहून कमी. समजा बाळ ५ किलोचं. किलोमागे २ म्हणजे दिवसाला १० मिलिग्रॅम, सकाळी ५ आणि संध्याकाळी ५. १० ची गोळी बारीक करून १० मिलिलिटर पाण्यात घातली तर १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेला ५ मिलिलिटर.

आता गोळ्या १०, २० आणि ४० च्याही येतात. पट्टीवर न बघता ४० ची आणली आणि तसंच केलं तर बाळाच्या पोटात एका वेळी २० मिलिग्रॅम जातात. चौपट! प्रत्येक नवीन पट्टीवरचा आकडा वाचायचा. गोळीची भुकटी तळाशी बसते, म्हणून ढवळून लगेच सिरिंजनं ओढायचं, चमच्यानं नाही. उरलेलं फेकायचं, संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

आणि ‘किती मिलिलिटर?’ या प्रश्नाला अर्थ नाही, मिलिग्रॅम विचारा. अमेरिकेत २०१४ पासून मान्य असलेलं तयार द्रावण मिलिलिटरला ४.२८ मिलिग्रॅमचं आहे. तिकडच्या लेकीनं ‘आम्ही दीड मिलिलिटर देतो’ सांगितलं म्हणून इथल्या, मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या द्रावणाचं दीड द्याल, तर पाव डोसही जात नाही.

डॉक्टर ताई (बी-३०२): काकांचा हिशेब डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघण्यासाठी आहे, स्वतः सुरू करण्यासाठी नाही. सुरू करण्यापूर्वी वजन, नाडी, हृदय तपासतात. पहिल्या डोसनंतर आणि डोस वाढवल्यावर एक आणि दोन तासांनी नाडी-बीपी बघतात. २ किलोच्या आतलं बाळ किंवा दमा असेल तर हे औषध चालत नाही.

खरी भीती साखर उतरण्याची. म्हणून नियम असा: आधी दूध, मग औषध. बाळ अंगावर नीट पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील, लस घेतल्यावर तापानं मलूल असेल तर तो डोस चुकवायचा आणि फोन करायचा. चुकलेला डोस पुढच्यात मिसळून दुप्पट द्यायचा नाही. डोस देऊन बाळाला रात्रभर उपाशी झोपवायचं नाही, तान्ह्याला उठवून पाजायचं. साखर उतरली की एरवी थरथर आणि धडधड होते, पण हे औषध नेमकी तीच लक्षणं दाबतं. घाम मात्र येतो. गार घाम, अंग ढिलं, उठवून नीट उठत नाही, ही खूण लक्षात ठेवा.

छाती वाजायला लागली तरी औषध थांबवायचं. आणि नेब्युलायझर देणाऱ्याला सांगायचं की बाळ प्रोप्रॅनोलॉलवर आहे, कारण नेब्युलायझरमधलं छाती मोकळी करणारं सॅल्ब्युटॅमॉल ज्या दारानं काम करतं तेच दार याने बंद केलेलं असतं.

हातपाय गार पडणं, झोपेत दचकणं हे चालतं. औषध कमीत कमी सहा महिने, पुष्कळदा पहिल्या वाढदिवसापर्यंत. छान दिसतंय म्हणून मध्येच सोडलं तर काहींचा डाग पुन्हा फुगतो. ओसरणं बहुतेकांत चौथ्या वर्षापर्यंत होऊन जातं. मागे कधी सैल कातडी, कधी बारीक लाल शिरा राहतात. शिरांना लेझर, सैल कातडीला शाळेच्या आधी छोटी शस्त्रक्रिया.

ई-२०५: आणि मोठ्यांचं? साठीच्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘यकृतात २ सेंमीचा हिमॅन्जिओमा’ आलाय. घरात सगळ्यांनी कॅन्सर धरून चाललंय.

सोनोग्राफी डॉक्टर (डी-७०१): नाव तेच, आजार वेगळा. यकृतातली ही सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ, कॅन्सरमध्ये बदलत नाही. मराठीत ‘रक्ताची गाठ’ म्हटलं की लोकांना गोठलेलं रक्त वाटतं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. तेही नाही.

सोनोग्राफीत ती पांढरी, कडा स्वच्छ. यकृत निरोगी, हेपॅटायटिस बी नाही, सिरॉसिस नाही, आधी कुठला कॅन्सर नाही, तर छोट्या नमुनेदार गाठीला पुढे काहीच लागत नाही. यातलं काही असेल किंवा गाठ तशी स्वच्छ दिसत नसेल, तर तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय. कडेकडेनं ठिपके उजळतात आणि तपासणीसाठी शिरेतून दिलेलं रंगद्रव्य हळूहळू आत भरत जातं, ती तिची सही. सुई घालून तुकडा काढायची घाई नको, रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्या, काढे, पथ्य यांनी ती जात नाही आणि घालवायची गरजही नाही. ५ सेंमीच्या वर असेल आणि खरोखर दुखत असेल, तेव्हाच सर्जन.

मणक्याच्या एमआरआयमध्ये ‘हिमॅन्जिओमा’ लिहून येतो तोही असाच. दहातल्या साधारण एकाच्या मणक्यात असतो आणि कंबरदुखीचं कारण बहुधा दुसरंच असतं. पायांत जोर कमी होणं, लघवीवर ताबा जाणं असं असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

ई-२०५: आणि छातीवरचे लाल ठिपके?

सोनोग्राफी डॉक्टर (डी-७०१): तिशीनंतर येतात, चेरीच्या रंगाचे, निरुपद्रवी. नकोच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ जाळून किंवा लेझरनं काढतात. पण चार आठवड्यांत वाढलेली, जरा लागलं की भळभळणारी लाल गाठ, बोटावर किंवा गरोदरपणी हिरडीवर, वेगळी. ती काढली की तपासणीला पाठवायचीच. एका जातीचा त्वचेचा कॅन्सर हुबेहूब तसाच दिसतो.

सेक्रेटरी (सी-१०१): हे पिन करतोय, फॉरवर्ड डिलीट करा. जी-६०१, भाचीला सांगा, मानेवरचा पट्टा असू दे, पण अंगावर दुसरा नवा डाग आलाय का ते आंघोळीच्या वेळी बघ म्हणावं.

जी-६०१: पाठवलं. तिचा रिप्लाय आला: मांडीवर लंगोटाच्या कडेला एक छोटा आहे, तिसऱ्या आठवड्यात आला. बाळ ५ आठवड्यांचं.

डॉक्टर ताई (बी-३०२): मग लसीची वाट नको. उद्याच, नाण्याशेजारचा फोटो आणि आजचं वजन घेऊन.