रोलरबॉलमध्ये फाउंटन पेनची निळी-काळी शाई भरल्यापासून टोक अडखळते आहे

रामबागवासी (इंदूर)

नमस्कार. आमच्या महिला मंडळाच्या सभांचे इतिवृत्त गेली नऊ वर्षे मी हाताने लिहीत आहे. मागच्या दिवाळीत भाच्याने मला एक रोलरबॉल पेन दिले. त्याला नेहमीची रिफिल लागत नाही. फाउंटन पेनमध्ये बसते तीच आखूड कार्ट्रिज त्यात बसते आणि पुढे निबऐवजी बारीक गोळी असलेले टोक आहे. सोबत आलेली कार्ट्रिज संपेपर्यंत अक्षर इतके सुरेख उमटत होते की इतिवृत्ताचे काम मी संध्याकाळच्या निवांत वेळेसाठी राखून ठेवू लागले होते.

ती कार्ट्रिज फेकून न देता सिरिंजने पुन्हा भरावी असे ठरवले. इतिवृत्ताची वही वर्षानुवर्षे टिकायला हवी आणि पाणी सांडले तरी अक्षर पुसले जाऊ नये, या विचाराने ‘कायमची’ असा उल्लेख असलेली एक परदेशी निळी-काळी शाई मागवून भरली. पहिले पंधरा दिवस काहीच अडचण आली नाही. त्यानंतर मात्र शिरोरेषा मध्येच तुटू लागली. डावीकडून उजवीकडे जाताना टोक कागदावर खरडल्यासारखा आवाज करते, पण वरून खाली येणारा काना नीट उमटतो. अनुस्वार द्यायला टोक टेकवले की कधी काहीच उमटत नाही, तर कधी एकदम मोठा थेंब पडतो. नळाखाली धरून दोनदा धुतले (आमच्या इमारतीत सध्या बोरिंगचे पाणी येते), तरी फरक पडला नाही.

अशा पेनमध्ये बाटलीतली शाई भरणेच चूक आहे का, हे टोक आता वाचेल का, आणि वहीसाठी टिकाऊ शाई हवी असेल तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी आयुष्यभर शाईचे पेन वापरले असल्यामुळे हेही पेन तसेच तिरके धरते, हे सांगणे आवश्यक वाटते.

दौत-टाक (इंदूर)

ताई, बाटलीतली शाई भरण्यात काहीही चूक नाही. आपल्यासारखी पेने त्यासाठीच बनवलेली असतात. जर्मनीच्या श्नायडर आणि फ्रान्सच्या जे. हर्बिन या कंपन्यांची अशी रोलरबॉल मी स्वतः वापरली आहेत आणि दोन्हींत फाउंटन पेनची साधी आखूड कार्ट्रिज बसते. रोलरबॉलची शाई मुळात पाण्यातलीच असते. बॉलपेनमधली शाई तेलकट आणि दाट असते, ती गोष्टच वेगळी. चूक झाली असेल तर ती शाईच्या जातीत झाली आहे, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून मला तसेच वाटते.

टोकात काय घडते ते सांगतो. टंगस्टन कार्बाइडची अर्धा किंवा पाऊण मिलिमीटरची गोळी धातूच्या एका इवल्याशा वाटीत बसवलेली असते. वाटीची कड आत वळवलेली असल्यामुळे गोळी बाहेर पडत नाही, पण फिरू शकते. गोळी आणि कड यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्या फटीतून जी शाई येते तीच गोळीचे वंगणही असते. मागच्या बाजूला बहुतेक पेनांत तंतूंची एक वात असते. समईच्या वातीत तेल चढते तशी कार्ट्रिजमधली शाई या वातीतून गोळीपर्यंत येते. निबची चीर आपण उघडून धुऊ शकतो, निब आणि तिला शाई पुरवणारी तिच्याखालची जीभ बाहेर काढू शकतो. गोळीच्या मागे मात्र हात पोहोचत नाही. म्हणून निब जी शाई सहन करते, ती गोळी सहन करीलच असे नाही.

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच ‘कायमच्या’ निळ्या-काळ्या शाया लोहयुक्त असतात. त्यांत लोहाचे क्षार आणि टॅनिक व गॅलिक आम्ले असतात. पूर्वी ही आम्ले मायफळातून काढत. बाळगुटीत आपण उगाळतो तेच हे मायफळ. अशी शाई लिहिताना निळी दिसते आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की कागदावरच हळूहळू काळी पडते, कारण त्या वेळी पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ तयार होतो. तिच्या टिकाऊपणाचे रहस्य तेच आहे. अडचण अशी की गोळीची कडसुद्धा हवेत उघडीच असते, त्यामुळे तोच न विरघळणारा पदार्थ त्या फटीतही तयार होतो. शिवाय ही शाई आम्लधर्मी असल्याने वाटीच्या धातूलाही ती मानवत नाही. शिरोरेषा तुटणे आणि मध्येच थेंब पडणे, दोन्ही लक्षणे गोळी अडकत अडकत फिरत असल्याची आहेत. आपल्या बाटलीच्या वेष्टनावर लोहयुक्त शाईचा उल्लेख आहे का, ते एकदा पाहावे.

आता उपाय. साधे पाणी हा काळा पदार्थ विरघळवू शकत नाही आणि बोरिंगच्या पाण्यातले क्षार वातीत आणखी भर घालतात, म्हणून नळाखाली धुऊन फरक पडला नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या कोणत्याही दुकानात मिळते, ते आणावे. वाटीभर पाण्यात चिमूटभर शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, पूड विरघळवावी. चघळायच्या गोळ्या वापरू नयेत, त्यांत साखर आणि रंग असतो. टोक त्यात दहा-पंधरा मिनिटेच बुडवावे, कारण हेही शेवटी आम्लच आहे. मग मागच्या तोंडाला सिरिंज लावून स्वच्छ पाणी अगदी हलक्या दाबाने पुढे ढकलावे. वातीत मुरलेली शाई सहजासहजी संपत नाही. स्टीलच्या वाटीत टोक उभे करून ठेवले तर निळा धागा तळाकडे उतरताना कितीतरी वेळ दिसत राहतो. पाणी बदलत राहावे, रात्रभर तसेच ठेवावे, आणि टिपकागदावर पूर्ण वाळल्याशिवाय नवी शाई भरू नये, नाहीतर पहिली दोन पाने फिकी उमटतात.

दुसरे कारण आपणच सांगितले आहे. फाउंटन पेन साधारण ४५ अंशांत धरतात. रोलरबॉल इतके तिरके धरले की गोळीऐवजी वाटीची कड कागदाला घासते. ती आडव्या रेषेत जास्त जाणवते आणि कागदाचा चुरा गोळीपाशी ओढून आणते. पेन ६० अंशांपर्यंत किंवा त्याहून उभे धरून पाहावे आणि बॉलपेनसारखा जोर मुळीच देऊ नये.

यापुढे या पेनात साधी, पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची, पाण्याने धुतली जाणारी शाईच भरावी. कॅम्लिन, ब्रिल किंवा सुलेखा यांची रॉयल ब्लू चालेल. चमकीची शाई कधीही भरू नये, कारण चमकीचे कण फटीपेक्षा मोठे असतात. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या कार्बन ब्लॅकसारख्या शाईतले काजळीचे कण खूप बारीक असतात आणि ते फटीतून जातातही, पण पेन दोन-चार दिवस पडून राहिले की तिथेच वाळून चिकटतात, म्हणून तीही नको. आणि कितीही काळजी घेतली तरी हे टोक झिजणारे आहे, हे मनाशी धरून चालावे. रोलरबॉलसाठीच्या शाईत वंगणाचा विचार केलेला असतो. फाउंटन पेनच्या शाईत तो असतोच असे नाही. टोक बदलता येणारे पेन असेल तर एक जास्तीचे टोक घेऊन ठेवावे.

मांडवीकर (वडोदरा)

वरच्या उत्तरात माझी थोडी भर. रिकामी कार्ट्रिज पुन्हापुन्हा भरताना तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. दहा-बारा वेळा काढून बसवली की तोंड सैल होते आणि एके दिवशी शाई टोपणात उतरलेली दिसते. बदलायला एखादी नवी कार्ट्रिज हाताशी ठेवली म्हणजे झाले. खर्चाच्या दृष्टीने हा प्रकार फार परवडतो: आखूड कार्ट्रिजमध्ये साधारण ०.८ मिली शाई मावते, म्हणजे ६० मिलीच्या एका बाटलीत ती सुमारे ७५ वेळा भरते. सिरिंज बोथट सुईची घ्यावी. अणकुचीदार सुई कार्ट्रिजची भिंत भोसकते.

हे वाचून कोणी जेल पेनच्या रिफिलमध्ये शाई भरायला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जेल मुळात दाट असते आणि गोळी फिरते त्या क्षणापुरतीच पातळ होते, त्यामुळे त्या टोकाची रचना पातळ शाईसाठी नसते. शिवाय रिफिलच्या मागच्या टोकाला ग्रीससारख्या पदार्थाचे बूच असते, ते निघाले की शाई मागून गळते. माझ्या मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला पडलेला तो डाग धुण्यात माझा अख्खा रविवार गेला आहे.

नवीन सदस्य (इंदूर)

हे सर्व वाचून एक साधा प्रश्न पडला. टोक झिजणार, निवडक शायाच चालणार, सफाई अवघड असणार, तर सरळ फाउंटन पेनच का वापरू नये?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

याचे उत्तर मी देतो, कारण मी डावखुरा आहे. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असते. उजव्या हाताने लिहिणारा ती रेषा ओढतो. मला ती ढकलावी लागते. ढकलताना निबचे टोक कागदात रुतते, शाई उडते, आणि शब्द संपताना रेषेच्या शेवटी एक ठिपका राहतो. शाळेत गुरुजींनी माझ्या अक्षरासाठी मला उजव्या हाताने लिहायला लावले, तेव्हापासून शाईच्या पेनाची मला आवड होती आणि धास्तीही होती. गोळीला ओढले काय आणि ढकलले काय, तिला सारखेच. कार्ट्रिजचे रोलरबॉल हाती आल्यावर वयाच्या चाळिशीत मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या हाताने, मला हव्या त्या शाईने, मनासारखे मराठी पत्र लिहिले. झिजणारे टोक बदलण्याचा खर्च मला त्यापुढे काहीच वाटत नाही.

देवनागरीसाठी मात्र टोक बारीक घ्यावे. फाउंटन पेनची शाई पातळ असल्यामुळे ०.७ मिमीच्या गोळीची रेघ कागदावर अपेक्षेपेक्षा जाड पडते. मग ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या गाठी भरून जातात आणि ‘ध’ व ‘घ’ यांत फरक राहत नाही. अनुस्वारावर पेन क्षणभर थांबते, तेवढ्यात शाई फुटते. ०.५ च्या गोळीने हा त्रास बराच कमी होतो. स्वस्त वहीच्या कागदावर शाई मागच्या पानावर उमटते, त्याला उपाय चांगला कागद हाच.

रामबागवासी (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीसोबतच्या पत्रकात शाई लोहयुक्त असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले आहे. मी ते वाचलेच नव्हते. दौत-टाक यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. तिसऱ्या वाटीपर्यंत पाणी करडे येत होते, नंतर निळे आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ. एक दिवस वाळवून खजुरी बाजारातून आणलेली रॉयल ब्लू भरली. पेन उभे धरून लिहिल्यावर खरडण्याचा आवाज गेला आहे. मात्र शिरोरेषा चार-पाच ओळींत एखाद्या वेळी अजून तुटते, म्हणजे वाटीला थोडी इजा झाली असावी. नवे टोक मागवण्याची व्यवस्था भाचा करतो आहे.

एकच प्रश्न उरला. रॉयल ब्लू पाण्याने पुसली जाते, मग इतिवृत्ताचे काय करावे? घरात सासऱ्यांचे जुने काळे एबोनाइटचे (कडक केलेल्या रबराचे) शाईचे पेन आहे, ड्रॉपरने भरायचे. ती निळी-काळी शाई त्यात भरली तर चालेल का?

दौत-टाक (इंदूर)

चालेल, आणि त्या शाईची जागा तिथेच आहे. रोज थोडे तरी लिहावे, आणि पंधरा दिवसांनी एकदा पेन रिकामे करून धुवावे, म्हणजे निबला धोका राहत नाही. कच्चे टिपण रोलरबॉलने करावे आणि पक्के इतिवृत्त त्या पेनाने लिहावे. पेन फार दिवस बंद असेल तर निब आणि जीभ साध्या थंड पाण्यातच भिजवावी. एबोनाइटला गरम पाणी लागले की त्याचा काळा रंग उडून ते तपकिरी पडते आणि मूळ झळाळी परत येत नाही. टाकी अर्ध्यावर आली की पुन्हा भरावी, कारण इंदूरच्या मे महिन्यात आतली हवा तापून फुगते आणि शाई निबेतून बाहेर ढकलते. ते पेन खिशात किंवा पिशवीत नेताना निब वरच्या बाजूला ठेवावी.