गेम आपला, मालक कोण? २६ टक्के द्यावेत का?

तापीकाठचा (जळगाव)
भाचा आणि त्याचे मित्र मिळून इथे छोटा गेम स्टुडिओ चालवतात. मोबाईलवरचा कॅरमचा गेम अर्धा झालाय. बाहेरचा एक गुंतवणूकदार दीड कोटी द्यायला तयार आहे, पण त्याला २६ टक्के हिस्सा आणि संचालक मंडळावर एक जागा हवी. पोरं हवेत आहेत.

माझं मत सरळ आहे. पैसे घ्या, २६ देऊ नका. २०१३ च्या कंपनी कायद्यात विशेष ठरावाला पंच्याहत्तर टक्के मतं लागतात. नियमावली बदलायची, नव्या माणसाला शेअर द्यायचे, हे सगळं २६ वाला एकटा अडवून धरू शकतो. २४ वाल्याला ते जमत नाही.

केळीवाला_रावेर
काय भो, आधी हे सांग, कोणती बँक कोडवर कर्ज देते? मला पीककर्ज मिळतं कारण सातबारा आहे. पोरांकडे काय आहे, लॅपटॉप? तुझं २४-२६ ऐकून तो माणूस उठून जाईल आणि गेम अर्धाच राहील.

फिनलंडची सुपरसेल ही गेम कंपनी बघ. २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या गटाने तिचा सुमारे ८४ टक्के हिस्सा ८.६ अब्ज डॉलरला घेतला. तरी कुठला गेम ठेवायचा, कुठला मारायचा, हे तिथल्या छोट्या टीमच ठरवतात. वावर बटाईने दिलं म्हणून मालक रोज औत धरायला येत नाही.

तापीकाठचा
सुपरसेल तेव्हा खोऱ्याने कमवत होती. कमावत्या पोराला कोण बोलतं?

सीएस_ताई_धुळे
दोघेही टक्क्यांत अडकलात. मी हेच कागद रोज वाचते. टर्म शीटमध्ये, म्हणजे अटींच्या कच्च्या मसुद्यात, ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ (आधी पैसे परत घ्यायचा हक्क) आहे का, ते आधी बघा. समजा, कंपनी उद्या दोन कोटींना विकावी लागली. २६ टक्क्यांप्रमाणे त्याच्या वाट्याला ५२ लाख यायला हवेत. पण ते कलम असेल, तर तो आधी स्वतःचे दीड कोटी उचलतो. उरलेल्या पन्नास लाखांत तुमची पोरं.

दुसरं, त्याच्या होकाराशिवाय काय-काय करता येणार नाही याची यादी करारात असते. ती असेल तर दहा टक्केवालाही नाड्या आवळतो. अमेरिकेच्या एपिक गेम्स कंपनीत टेन्सेंटने २०१२ ला सुमारे ४० टक्के घेतले, ताबा मात्र संस्थापक टिम स्वीनींकडेच राहिला. तरी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याच्या चौकशीनंतर टेन्सेंटने नेमलेल्या दोन संचालकांना एपिकचं मंडळ सोडावं लागलं. कारण तेच टेन्सेंट रायट या प्रतिस्पर्धी गेम कंपनीचंही मालक. सरकारचं लक्ष हिश्शाच्या आकड्यापेक्षा मंडळावरच्या खुर्चीकडे होतं.

अमळनेरकर
आमच्या गावाला हे शिकवू नका! १९४५ ला विप्रोची तेलगिरणी इथेच निघाली. ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या. कंपनी मात्र प्रेमजींनीच चालवली. बाहेरचा पैसा आला की मालकी गेली, हे खरं नाही.

सीएस_ताई_धुळे
दादा, ते गावभर विखुरलेले भागधारक होते. इथे एकच माणूस आहे आणि करार त्याच्या वकिलाने लिहिलाय.

भुसावळ_पबजी
खेळणाऱ्याचं कोणी बोलतच नाही. २०२० ला सरकारने पबजी मोबाईल बंद केला. पबजीची मालक क्राफ्टन कोरियाची, तिने इथलं काम टेन्सेंटकडून काढून घेतलं आणि २०२१ ला बीजीएमआय हा त्याचाच भारतीय अवतार आणला. तोही जुलै २०२२ मध्ये गायब, परतला मे २०२३ ला. क्राफ्टनमध्ये टेन्सेंटचा हिस्सा आहे, ही चर्चा तेव्हा सुटली नाही ती नाहीच. म्हणून गुंतवणूकदाराच्या मागे कोणाचा पैसा आहे तेही विचारा. चीनसारख्या सीमेला लागून असलेल्या देशातला असेल तर २०२० पासून सरकारची परवानगी लागते.

केळीवाला_रावेर
हाव भो, विचारा. पण पुढच्या महिन्याचे पगार त्या विचारण्यातून निघणार आहेत का?

तापीकाठचा
पगार मी दोन महिने उसने देतो, ते भाच्याशी बोललोय. ताई, ते कलम काढायला सांगितलं आणि तो नाही म्हणाला, तर त्या बदल्यात काय मागावं?

सीएस_ताई_धुळे
त्याने मंडळावरची जागा सोडावी. त्याऐवजी मतदानाचा हक्क नसलेला निरीक्षक बसवा म्हणावं, आणि नकारांच्या यादीतून ‘गेमच्या आशयात बदल’ हे वाक्य खोडून घ्या. ते असतंच बघा.